पिंग तर जातोय

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकत गेल्या आणि एकदम थांबल्या. शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचं म्हणणं असं, की एनएफएसवरून रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही, आता फ्लॉपी बघतो. आणि सगळ्यात खाली ‘कर्नल पॅनिक’. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे मिचकायला लागले. माझ्यामागे लॅबचे मामा उभे होते. त्यांनी चष्मा वर करून ओळ वाचली आणि म्हणाले, “सर, फ्लॉपी मागतंय ते. कपाटात आहेत दहा-बारा. आणू का?”

मी हसलो नाही. कारण तासाभरापूर्वी, ते चहाला गेले असताना, मी खरंच एक फ्लॉपी घालून पाहिली होती.

२००७चा मे महिना. तालुक्याच्या गावातलं इंजिनिअरिंग कॉलेज, तिथल्या एका लॅबमध्ये चोवीस संगणक, आणि मी त्यांचा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पगारपत्रकावर मात्र लॅब असिस्टंट. संगणक पेंटियम फोर, २५६ एमबी मेमरीचे, त्या मानाने धडधाकट. हार्ड डिस्क तेवढ्या एकेक करून मान टाकत होत्या. भारनियमनाचे दिवस होते. वीज वेळापत्रकाप्रमाणे जायची आणि वेळापत्रकाबाहेरही जायची. चालत्या डिस्कखालून वीज ओढली की ती एकदा सहन करते, दहादा सहन करते, मग एका सकाळी कट्-कट् असा आवाज काढते आणि त्यानंतर काहीच नाही. वर्षभरात नऊ गेल्या. नव्या डिस्कची मागणी मी तीनदा लावली, तिन्ही वेळा ‘पुढील आर्थिक वर्षात’ असा शेरा येऊन कागद परतला. शेवटी विभागप्रमुख मॅडमना म्हटलं, उरलेल्या पंधराही काढून टाकू. सगळं एका सर्व्हरवर ठेवू, त्याला चांगला यूपीएस लावू, बाकीची मशीनं नेटवर्कवरून चालतील. मॅडमनी विचारलं, “खर्च?” मी म्हटलं, “स्क्रूड्रायव्हर आहे आपल्याकडे.” मंजुरी तिथेच मिळाली.

मामांनी आणि मी दोन दिवसांत डिस्क उपसल्या. स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गेले. तो डबा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

डिस्क नसलेल्या संगणकाला उठल्या उठल्या आपण कोण हेही ठाऊक नसतं. नेटवर्क कार्डातला पीएक्सई नावाचा इवलासा प्रोग्राम जागा होतो आणि तारेवर सगळ्यांना उद्देशून हाक मारतो: मी कोण आहे? डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो: तुझा पत्ता अमुक, तुझं सामान तमुक यंत्रावर. मग टीएफटीपी नावाची एक साधीभोळी पद्धत ५१२-५१२ बाइटच्या घासांनी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणून देते. एक घास पाठवायचा, ‘पोचला’ असं उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. कर्नल पूर्ण आला की तो ताबा घेतो आणि स्वतःची मूळ फाइल सिस्टिम मागतो. ती यायची एनएफएसवरून, सर्व्हरच्या डिस्कवरचा एक फोल्डर आपल्याच घरात आहे अशा थाटात. हे एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४च्या सुमारास तयार केलं. डिस्क तेव्हा फार महाग होत्या, म्हणून सनने बिनडिस्कची वर्कस्टेशनंही विकली. वीस-बावीस वर्षांनी आमचं कारणही हुबेहूब तेच होतं, फक्त आमच्या बाबतीत महाग हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, ‘पुढील आर्थिक वर्ष’ म्हणत होते.

तर फ्लॉपी. चोवीसपैकी एकोणीस मशीनं पहिल्या दिवशी सुरळीत उठली. पाच अडली. ही पाच म्हणजे वळवाच्या पावसात वीज पडून ज्यांचं मदरबोर्डावरचं नेटवर्क पोर्ट जळालं होतं ती. त्यांना बाजारातून आणलेली साधी रियलटेकची कार्डं बसवली होती. त्या कार्डांत पीएक्सई नव्हतं, म्हणून इथरबूट नावाचा प्रोग्राम फ्लॉपीवर घालून त्यांना उठवायचं. म्हणजे मामांचा प्रश्न तसा अगदीच अस्थानी नव्हता. पण इथरबूटने आपलं काम चोख केलं होतं. पत्ता मिळाला होता, कर्नल उतरला होता, नेटवर्कवरूनच उतरला होता. आणि तोच कर्नल पुढच्या क्षणी म्हणत होता की एनएफएस मिळत नाही.

मी सर्व्हरवर संशय घेतला. एक्स्पोर्ट्सची फाइल दहादा वाचली. फायरवॉल बंद केली. केबल बदलली. साप म्हणून भुई धोपटत राहिलो. शेवटी मामांना शेजारी बसवून पडदा मोठ्याने वाचून दाखवायला लागलो, खालून वर. पाचव्या ओळीला थांबलो: ‘नो नेटवर्क डिव्हाइसेस अव्हेलेबल’. याच पडद्यावर, तासभर, माझ्या डोळ्यांसमोर.

एसटी डेपोत ड्रायव्हर बदलतो ना, तसं होतं ते. इथरबूटने स्वतःच्या ड्रायव्हरने गाडी डेपोपर्यंत आणली आणि तो उतरून गेला. कर्नल नवा ड्रायव्हर. त्याच्याकडे या रियलटेक कार्डाची किल्लीच नव्हती, कारण कर्नल बांधताना मी फक्त मदरबोर्डावरच्या पोर्टचा ड्रायव्हर आत घातला होता. त्याच्या दृष्टीने या मशीनला नेटवर्क कार्ड नव्हतंच. कार्ड नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून एनएफएस नाही, एनएफएस नाही म्हणून फ्लॉपी, फ्लॉपीत काही नाही म्हणून पॅनिक. चार तक्रारी एकाखाली एक, आणि मी सगळ्यात खालची धरून बसलो होतो. पडदा सांगतो ते खोटं नसतं, पण तो शेवटी कुठे पडला ते सांगतो. पाय कुठे अडखळला ते वरती असतं.

त्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: ‘खालून वर वाचणे.’

वहीचं दुसरं पान एका मोकळ्या जागेचं आहे. मशीनं उठली, पोरांनी लॉगिन केलं, आणि कुणालाच फाइल सेव्ह करता येईना. होम फोल्डर दिसतोय, जुन्या फाइली उघडतायत, लिहायला गेलं की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. सर्व्हरवर एक्स्पोर्ट्सच्या फाइलमध्ये एक ओळ असते: आधी फोल्डर, मग तो कुणाला द्यायचा तो पत्ता, आणि पत्त्याला चिकटून कंसात अटी. लिहायची परवानगी द्यायची तर कंसात तसं लिहायचं. मी लिहिलं होतं. फक्त पत्ता आणि कंस यांच्यामध्ये स्पेसबार एकदा दाबला गेला होता. शाळेत शिकवतात तसं शुद्धलेखन, कंसाआधी जागा सोडा. एनएफएसच्या व्याकरणात त्या एका जागेने वाक्याचे दोन तुकडे होतात. पहिला: या पत्त्यांना फोल्डर द्या, नेहमीच्या अटींवर, म्हणजे फक्त वाचायला. दुसरा: कंसातल्या अटी उरलेल्या सगळ्या जगाला लागू. म्हणजे माझ्या लॅबच्या मुलांना लिहायची बंदी आणि नेटवर्कवर येणाऱ्या कुणाही परक्याला खुशाल लिहायची मुभा. चूक काढून टाकायला एक बॅकस्पेस लागला. सापडायला एक पूर्ण दुपार. आणि बॅकस्पेस दाबल्यावरही काही बदलेना, कारण फाइल बदलली तरी सर्व्हरला ‘पुन्हा वाच’ म्हणून वेगळं सांगावं लागतं, ते मी विसरलो होतो. त्यात आणखी अर्धा तास.

बाकीची पानं भराभर उलटतो. मशीनच्या बोर्डावरचा शर्टाच्या बटणाएवढा सेल संपला की घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं. फाइलीवर वेळ मात्र सर्व्हरची पडते. मग मुलाने सी प्रोग्रामची फाइल सेव्ह करून मेक चालवलं की संगणक म्हणतो, ही फाइल भविष्यकाळातली आहे. एक मुलगा खरंच घाबरून बोलवायला आला होता. सगळ्यांची घड्याळं सर्व्हरशी जुळवून टाकली आणि ते प्रकरण मिटलं. सर्व्हरला मशीनांच्या पत्त्यांवरून नावं ठाऊक नसली की तो माउंट द्यायला कुरकुरतो. चोवीस नावं एका फाइलीत लिहून दिली, संपलं. एनएफएसची सेवा देणारे आठच धागे चालू होते, सगळी बॅच एकदम बसली की रांग लागायची, बत्तीस केले. ही सगळी माहितीतली दुखणी. औषध ठाऊक असतं, डोस द्यायचा.

मागच्या रांगेचं दुखणं तसं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत लॅबची फेररचना झाली. आठ मशीनं मागच्या भिंतीला गेली, त्यांच्यासाठी एक छोटा स्विच घेतला, आणि पुढच्या कपाटातल्या मोठ्या स्विचपासून त्याच्यापर्यंत एक लांब केबल ओढली. काम केबलिंगच्या ठेकेदाराने केलं. सुट्टी संपली, आणि मागच्या रांगेतली मशीनं प्रॅक्टिकलच्या मध्यात थिजायला लागली. माउस हलायचा, बाकी काही नाही. कन्सोलवर एक ओळ यायची: ‘सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग’. कधी अर्ध्या मिनिटात ‘सर्व्हर ओके’ यायचं, कधी दहा मिनिटं नाही. पुढच्या दोन रांगा त्याच सर्व्हरवर मजेत चालू.

मी पहिल्यांदा केलं ते सगळेच करतात. पिंग. पन्नास पाठवले, पन्नास परत आले. मॅडम विचारायला आल्या, मी म्हटलं, “पिंग तर जातोय.” दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, तेव्हाही तेच म्हटलं. हे वाक्य मी त्या अकरा दिवसांत इतक्या वेळा म्हटलं की मुलं आपापसांत उत्तर म्हणून वापरायला लागली. जर्नल पूर्ण झालं का? पिंग तर जातोय.

रविवारी येऊन मागची आठही मशीनं एकेक करून चालू केली. प्रत्येक उत्तम. एकेकटं कुणीच आजारी नव्हतं. आठ जण एकत्र बसले की साथ यायची. पीएक्सई कधीच चुकलं नाही, डीएचसीपी चुकलं नाही, टीएफटीपीवरून कर्नलही प्रत्येक वेळी आला. अडायचं ते एनएफएसला, आणि तेही बोलणं सुरू होऊन थोडा वेळ गेल्यावर.

याच काळात माझ्या हातून एक गोष्ट झाली, तिची नोंद वहीत आहे पण ती मी कुणाला दाखवत नाही. एनएफएसचं माउंट दोन प्रकारचं असतं, हार्ड आणि सॉफ्ट. हार्ड म्हणजे सर्व्हर उत्तर देईपर्यंत थांबायचं, जन्म लागला तरी. जो प्रोग्राम फाइल मागत असतो तो मध्येच अडकतो, तेव्हा तर त्याला मारूनही मारता यायचं नाही. सॉफ्ट म्हणजे ठरावीक वेळा विचारायचं आणि मग प्रोग्रामला सांगायचं, नाही झालं, वाचता-लिहिताना चूक आली. मशीन थिजत नाही. मला मशीन थिजायला नको होतं, कारण थिजलेलं मशीन मॅडमना दिसतं. मी मागच्या रांगेचं होम फोल्डर सॉफ्ट केलं. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी शेवटच्या वर्षाची एक मुलगी प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आली. म्हणजे घेऊन येणार होती, पण फाइल शून्य बाइटची होती. एडिटरने जुनी फाइल रिकामी केली, नवी लिहायला घेतली, सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही, एनएफएसने सांगितलं चूक झाली, आणि एडिटरने ती चूक कुठेतरी कोपऱ्यात दाखवून पुढे चाल केली. तिने तो कोपरा पाहिला नव्हता. कोण पाहतो?

बॅकअप आदल्या रात्रीचा होता, त्यामुळे तिचा एकच दिवस गेला. तरीही ती काही बोलली नाही, नुसती पडद्याकडे बघत राहिली, ते मला अजून आठवतं. हार्ड माउंट माणसाला ताटकळत ठेवतं, शिव्या खातं, पण नाही झालेलं काम झालं म्हणून कधी पुढे जाऊ देत नाही. मी संध्याकाळी सगळं परत हार्ड केलं आणि मशीनं पुन्हा थिजायला लागली. त्या दिवशी मला ते बरं वाटलं.

अकराव्या रात्री मी लॅबमध्येच थांबलो. मामा म्हणाले मीही थांबतो, डबा आहे दोघांपुरता. मागच्या आठही मशीनांवर एकच मोठा प्रोग्राम पुन्हा पुन्हा कंपाइल होत राहील असं लावून दिलं, म्हणजे बॅच बसल्यासारखंच. आणि सर्व्हरवर टीसीपीडम्प चालू केला, तारेवरून जाणारं प्रत्येक पाकीट दाखवणारा. मशीन नंबर एकवीस एवढंच बघायचं ठरवलं.

साधारण दीड वाजता एकवीस थिजलं. सर्व्हरच्या पडद्यावर दिसत होतं: एकवीसने फाइलचा एक तुकडा मागितला. सर्व्हरने उत्तर दिलं, सहा पाकिटांत. पाऊण सेकंदाने एकवीसने तोच तुकडा पुन्हा मागितला, विनंतीचा क्रमांकही तोच. सर्व्हरने पुन्हा सहा पाकिटं पाठवली. मग दीड सेकंदाने पुन्हा. म्हणजे सर्व्हर गप्प नव्हता. ‘नॉट रिस्पाँडिंग’ म्हणून ज्याच्या नावाने बोंब चालली होती तो बिचारा दर वेळी उत्तर देत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि मग तीसेक सेकंदांनी एकवीसकडून एक वेगळंच पाकीट आलं, असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं: ‘आयपी रिअसेंब्ली टाइम एक्सीडेड’. तुकडे जुळवायची मुदत संपली.

मी मामांना उठवलं. ते बाकावर आडवे झाले होते. काय सापडलं हे मलाही नीट सांगता आलं नसतं, पण कुणाला तरी सांगायचं होतं.

गोष्ट अशी होती. तारेवरून एका वेळी १५०० बाइटचं पाकीट जातं, त्याहून मोठं नाही. आमचं एनएफएस तेव्हा यूडीपी नावाच्या साध्या पद्धतीवर चालत होतं, आणि एका मागणीत ८१९२ बाइट द्यावेत असं मीच उन्हाळ्यात ठरवून ठेवलं होतं, वेग वाढावा म्हणून. आठ हजारांचं उत्तर दीड हजारांच्या पाकिटांत बसवायचं तर त्याचे सहा तुकडे होतात. घेणारा सहाही येईपर्यंत तुकडे जपून ठेवतो. पाच आले आणि सहावा वाटेत राहिला, तर तीस सेकंद वाट बघून पाचही फेकून देतो. यूडीपीला हरवलेला तेवढाच तुकडा परत मागता येत नाही. सगळं उत्तर नव्याने मागवायचं, पुन्हा सहा, पुन्हा त्यातला एखादा हरवणार. वाटेत शंभरातली पाच पाकिटं हरवत असतील तर एका पाकिटाच्या उत्तराला पाच टक्के धोका, पण सहाच्या सहा पोचायचे तर धोका सव्वीस टक्क्यांवर जातो. पिंगचं पाकीट ६४ बाइटचं. टीएफटीपीचा घास ५१२चा, तोही एका वेळी एक. डीएचसीपी एका पाकिटात आटपतो. छोटी पाखरं गाळणीतून निघून जात होती आणि मी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत होतो, गाळणीला भोकं मोठी आहेत.

पिंगला आकार सांगता येतो. हे मला माहीत होतं, कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही असेन. ८००० बाइटचा पिंग एकवीसला पाठवला. पन्नासातले निम्मेही परतले नाहीत. पुढच्या रांगेतल्या तीनला पाठवला, सगळे परतले.

म्हणजे दोष त्या लांब केबलमध्ये किंवा तिच्या दोन टोकांत. केबल बदलून पाहिली, फरक नाही. मोठ्या स्विचला लॅपटॉप जोडून त्याचा मेनू उघडला, पोर्टामागून पोर्ट पाहत गेलो, आणि चोविसाव्या पोर्टवर, जिथून मागची केबल निघत होती, तिथे दिसलं: ‘१०० फुल’, हाताने पक्कं केलेलं. बाकी सगळे पोर्ट ‘ऑटो’. ठेकेदाराने चांगल्याच हेतूने केलं होतं. फुल म्हणजे जास्त, जास्त म्हणजे चांगलं. पण मागचा छोटा स्विच ऑटो होता. ऑटोवाली दोन टोकं एकमेकांशी बोलून ठरवतात. एक टोक पक्कं केलं की ते बोलणं सोडून देतं. मग दुसऱ्या टोकाला समोरच्याचा वेग ओळखता येतो, पण समोरचा एकाच वेळी बोलतो-ऐकतो की आळीपाळीने, हे कळत नाही, आणि नियमाप्रमाणे ते आळीपाळीचं धरून चालतं. झालं. एक टोक समजतंय दोघांनी एकदम बोललं तरी चालतं. दुसरं समजतंय की मी बोलताना समोरून आवाज आला म्हणजे टक्कर झाली, आपलं बोलणं टाकून द्यावं. रविवारी एकटंच मशीन चालू असताना दोघं एकदम बोलायचे प्रसंगच कमी. आठ जण बसले की प्रत्येक क्षणी.

चोविसावा पोर्ट ‘ऑटो’ केला. मेनूत दोन वेळा एंटर. मग पुन्हा ८०००चा पिंग. पन्नास गेले, पन्नास आले. मामांनी डबा उघडला. भाकरी आणि ठेचा, तेवढ्या रात्री.

दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. मशीनांच्या बूटच्या ओळीत ८१९२ काढून १०२४ लिहिलं, म्हणजे प्रत्येक उत्तर एकाच पाकिटात मावेल आणि तुकडे होण्याचा प्रश्नच नको. ती पूर्ण ओळ, यूडीपी, १०२४ वगैरे सगळ्यासकट, वहीत लाल पेनाने उतरवली आणि शेजारी लिहिलं, ‘हीच वापरणे’.

हार्ड माउंटचं ऋण मी फेब्रुवारीत फेडलं, किंवा त्याने मला फेडायला लावलं. युनिव्हर्सिटीची प्रॅक्टिकल परीक्षा चालू, बाहेरून आलेले परीक्षक लॅबमध्ये, चोवीस मुलं प्रोग्राम लिहितायत, आणि सर्व्हरमधून जळका वास आला. एसएमपीएस, म्हणजे सर्व्हरला आतून वीज देणारा डबा, गेला. यूपीएस शाबूत, वीज शाबूत, पण सर्व्हरचं पोटच बंद. चोवीस पडदे एकदम थिजले आणि एकामागून एक तीच ओळ उमटली, स्टिल ट्राइंग. मी मुलांना एवढंच म्हणालो, “कुणीही बटण दाबायचं नाही. काही म्हणजे काही करायचं नाही.” मामांनी एक जादा मशीन आडवं केलं, त्याचा एसएमपीएस काढला, श्रीखंडाच्या डब्यातले स्क्रू लावून तो सर्व्हरमध्ये बसवला. परीक्षक घड्याळ बघत होते. सर्व्हर उठला, त्याने डिस्क तपासली, त्यात आणखी वेळ गेला. पंचवीस मिनिटं झाली असतील. मग पुढच्या रांगेतल्या एका पडद्यावर ‘सर्व्हर ओके’ आलं, मग शेजारच्या, मग सगळीकडे, आणि अर्ध्या लिहिलेल्या ओळींच्या टोकाशी कर्सर पुन्हा लुकलुकायला लागले. कुणाचंही एक अक्षर गेलं नाही. त्या काळच्या एनएफएसची रचनाच तशी होती. कोण काय वाचतंय, कुठवर आलंय, याची आठवण सर्व्हर ठेवतच नाही. प्रत्येक मागणीत सगळा पत्ता असतो, कुठली फाइल, कितव्या बाइटपासून, किती. त्यामुळे सर्व्हर मेला आणि पुन्हा जन्मला तरी मागणाऱ्याला कळत नाही, तो आपला तेच तेच विचारत बसतो.

परीक्षकांनी अर्धा तास वाढवून दिला. जाताना मला म्हणाले, “यूपीएस चांगला आहे तुमचा.” मी हो म्हटलं.

मामा निवृत्त झाले. लॅबही बदलली. मध्यंतरी पुन्हा डिस्कवाले संगणक आले आणि गेले, आणि २०२०च्या सुरुवातीला मॅडमच्या जागी आलेल्या सरांनी वीस रास्पबेरी पाय घ्यायचं ठरवलं. हाताच्या पंजाएवढे संगणक, मेमरी कार्डावर चालणारे, आणि मेमरी कार्डं वीज गेली की त्याच जुन्या डिस्कसारखी मरणारी. मला विचारायचीही गरज नव्हती. कार्डाशिवाय नेटवर्कवरून उठवू, म्हटलं. वही काढली, लाल पेनातली ओळ जशीच्या तशी उतरवली, पत्ते तेवढे बदलले.

एकही पाय उठला नाही. एनएफएस माउंट होत नाही.

माझ्या हाताखाली तेव्हा एक नवीन मुलगी लागली होती, आमच्याच कॉलेजची. ती म्हणाली, “सर, पिंग जातोय.” मी या क्षणाची तेरा वर्षं वाट बघत असल्यासारखा म्हणालो, “केवढा?” तिला कळलं नाही. मी आठ हजारांचा पिंग लावून दाखवला. सगळे परतले. मग मी स्विचकडे गेलो, पोर्टामागून पोर्ट पाहिले, सगळे ऑटो. केबल बदलल्या. दोन तास गेले. परत आलो तेव्हा तिने सर्व्हरला विचारून घेतलं होतं की तो कुठल्या कुठल्या सेवा कुठल्या वाटेने देतो, आणि ती यादी पडद्यावर ठेवून माझीच वाट बघत बसली होती.

“सर, यात एनएफएससमोर फक्त टीसीपी आहे. यूडीपी नाहीच. आणि आपल्या ओळीत तर यूडीपी लिहिलंय.”

मधल्या वर्षांत एनएफएसवाल्यांनी सर्व्हरवरचं यूडीपी मुळातच बंद करून ठेवलं होतं, बहुधा माझ्यासारख्यांच्या मागच्या रांगांना कंटाळून. टीसीपी हरवलेलं तेवढंच परत मागवतं, त्याला सहा तुकड्यांची भीती नाही. पाय ज्या दारावर थापा मारत होते ते दार भिंतीत बुजवलेलं होतं. मी खालून वर काही वाचलंच नव्हतं. वहीच वाचली होती.

तिने ओळीतलं यूडीपी खोडून टीसीपी केलं, आवृत्ती तीन असं लिहिलं आणि पहिला पाय चालू केला. रास्पबेरीची चित्रं आली, ओळी सरकल्या, लॉगिन आलं. उठला, पण फाइल उघडायला वेळ लावत होता. ती पुन्हा त्या ओळीकडे बघायला लागली.

“सर, हे १०२४ कशासाठी आहे?”

“जुनं आहे,” मी म्हटलं. “काढून टाक.”